बेरू, ब्रात्य आणि आपला भृ

रशियन शब्दकोशात ‘घेणे’ या अर्थी ब्रात्य सापडतं, पण ‘मी घेतो’ म्हणायचं तर बेरू. हा ‘ए’ मागाहून घुसलेला नाही. प्रोटो-स्लाविकमध्ये, म्हणजे रशियन, पोलिश वगैरे स्लावी भाषांच्या अनुमानित मूळ भाषेत, या क्रियापदाला पहिल्यापासून दोन अंगं होती: वर्तमानाला *बेर्-, तर क्रियावाचक नामाला (*बिराती) आणि भूतकाळाला *बिर्-. (इथे ऱ्हस्व इ-उ म्हणजे स्लावीतले अतिऱ्हस्व, पुढे बहुधा गळालेले स्वर, दीर्घ ई म्हणजे पूर्ण स्वर. तारा म्हणजे रूप अनुमानित.)

संस्कृत व्याकरण शिकलेल्याला हे नवीन नाही. भृ आणि त्याचा गुण भर्: भृत, पण भरति. मूळ इंडो-युरोपीय भाषेतला स्वरासारखा वागणारा र् संस्कृतात ऋ झाला, बाल्टो-स्लाविकमध्ये (बाल्टिक आणि स्लावी भाषांच्या शाखेत) ‘इर्’. म्हणून भृ- आणि *बिर्- एकच.

वर्तमानकाळ असा: *बेरों, *बेरेशी, *बेरेति, अनेकवचनी *बेरेमु, *बेरेते, *बेरोंति. शेजारी भरति, भरन्ति ठेवा. संस्कृतात दोन्हीकडे ‘अ’च दिसतो, कारण तिथे ए, ओ, अ मिसळून गेले. स्लावीत मात्र तृतीय पुरुषी एकवचनी ‘ए’ आणि अनेकवचनी ‘ओ’ वेगळे राहिले. या बाबतीत *बेरोंति हे भरन्तिपेक्षा जास्त बोलकं आहे.

*बेरेशीतला ‘श’ मात्र नियमाबाहेरचा. स्चा ख (आणि पुढे श) इ, उ, र्, क् यांच्यानंतर होतो, ‘ए’नंतर नाही. तो ‘-ईशी’ प्रत्ययाच्या क्रियापदांकडून उसना आला असं सहसा मानतात. लुङ् (साध्या भूतकाळाच्या) वर्गाच्या *बिराखु (‘मी घेतलं’) या रूपातला ‘ख’सुद्धा असाच दुसरीकडून आलेला, पण *बिरास्ते (‘तुम्ही घेतलंत’) मध्ये त् पुढे असल्याने स् शाबूत राहिला.

आज्ञार्थ *बेरी हा मुळात विध्यर्थ, म्हणजे भरेः, भरेत् यांचा भाऊ.

नवशिक्याची ठरलेली चूक म्हणजे आजच्या ब्रात्यवरून थेट *ब्राती रचणं. गळालेली इ पकडायला उपसर्ग लावून बघा. *सुबिराती मध्ये शेवटाकडून मोजत या: पूर्ण स्वराच्या आधीची इ दुर्बळ, ती गळते, तिच्या आधीचा उ त्यामुळे सबळ, तो रशियनमध्ये ‘ओ’ होतो. हाती येतं सोब्रात्य, ‘गोळा करणे’. मधे इ नसती तर तो उ सुद्धा गळाला असता. अपूर्ण क्रियेच्या *सुबीराती मध्ये ई पूर्ण आहे, तेव्हा उ गळून स्बिरात्य व्हायला हवं. जुन्या रशियनमध्ये ते दिसतंही. आजच्या सोबिरात्यमधला ‘सो’ सोब्रात्यच्या संगतीने आला.

पोलिशचं ब्योरें पण बेझेश हे दोन धातूंचं मिश्रण वाटेल, तसं नाही. कठीण (मृदू न झालेला) र् पुढे असल्याने ‘ए’चा ‘यो’ झाला. जिथे पुढच्या ‘ए’ने र् मृदू होऊन ‘झ’ झाला, तिथे तो तसाच राहिला.

अर्थाचं म्हणाल तर मूळ ‘वाहणे’. ते काम स्लावीत *नेस्तीने घेतलं आणि *बिरातीकडे ‘घेणे, गोळा करणे’ उरलं. क्रोएशियनमध्ये ब्राती म्हणजे फळं-फुलं तोडणे. स्लोव्हेनियनमध्ये ‘वाचणे’सुद्धा, अक्षरं वेचणे म्हणून! (आपलं वेचणे-वाचणे मात्र नुसतं उच्चाराचं साम्य, वाचणे हे वच् धातूचं.) जुना अर्थ नामांत टिकला: *बेर्में म्हणजे ओझं, आणि रशियन बेरेमेन्नाया म्हणजे गर्भवती. मराठीतला भार त्याच धातूचा, आणि अर्थ बदललेलं भरणेही.