गाडी ज्याची, पाना त्याच्या हातात

इकडे इंग्लंडात ऑक्सफर्डशायरमध्ये आम्हा जुन्या एमजीवाल्यांचा (एमजी म्हणजे ब्रिटिश स्पोर्ट्स कारचा ब्रँड) ग्रुप आहे, थंडी ओसरली की एखादा शनिवार ठरवायचा आणि सगळ्यांनी आपापल्या गाड्या घेऊन एका मेंबरच्या शेतावरच्या शेडमध्ये जमायचं, मग संध्याकाळपर्यंत नुसतं काम. नियम एकच आणि तो फार कडक पाळतात, गाडी ज्याची पाना त्याच्या हातात. जाणकार माणूस शेजारी उभा राहणार, दाखवणार, चुकायला लागलात तर थांबवणार, पण काम तुमच्या हातातून काढून घेणार नाही. मला हा नियम जाम आवडतो.

त्यातलं एमजीबी हे मॉडेल १९६२ ते १९८० या काळात इथेच ॲबिंग्डनच्या फॅक्टरीत बनलं, पाच लाखांच्या वर गाड्या. आणि इथे चाळीस वर्षांहून जुन्या गाडीत मोठे बदल केलेले नसतील तर दरवर्षीची एमओटी, म्हणजे फिटनेसची टेस्ट, २०१८ पासून सक्तीची नाही. ऐकायला बरं वाटतं पण मग ब्रेकचा पाईप सडलाय का हे बघणार कोण? म्हणून सकाळी पहिलं काम, गाडी स्टँडवर घ्यायची (नुसत्या जॅकवर कोणालाही खाली जाऊ देत नाहीत, हे बरोबरच आहे) आणि दुसऱ्याने टॉर्च घेऊन खालून बघायची. एमजीबीला वेगळी चासी नाही, बॉडीच सगळा भार घेते, त्यामुळे दाराखालचे सिल गंजले की प्रकरण गंभीर. वरून रंग चकाचक असतो आणि खालून स्क्रू ड्रायव्हर टोचला की आत जातो!

पेट्रोलचे रबरी पाईप पण बघतातच. इथल्या साध्या पेट्रोलमध्ये २०२१ पासून १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, जुनं रबर त्याने खराब होतं, चिरा पडतात आणि गरम इंजिनावर पेट्रोल ठिबकायला लागतं. आपल्याकडे भारतात तर आता २० टक्के आहे, तेव्हा घरी जुनी फियाट किंवा ॲम्बेसेडर असेल तर ते पाईप आधी बदला, खर्च किरकोळ आहे.

यंदा सगळ्यात जास्त वेळ मी टॅपेटच्या, म्हणजे इंजिनाच्या व्हॉल्व्हची गॅप सेट करायच्या, टेबलापाशी होतो. एक मुलगी आली होती, वडील गेल्यावर त्यांची १९७२ सालची जीटी (पक्क्या छपराची एमजीबी) तिच्याकडे आलेली, आणि तिला शिकवायला ऐंशीच्या घरातले एक आजोबा जे तरुणपणी ॲबिंग्डनच्या फॅक्टरीत लाईनवर होते. प्लग काढले, गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकली आणि आम्ही दोघं-तिघं मागून इंच-इंच ढकलतोय, म्हणजे इंजिन हळूहळू फिरतं. आठ व्हॉल्व्ह, आणि हिशोब नऊचा. आठवा पूर्ण उघडला की पहिला सेट करायचा, सहावा उघडला की तिसरा, बेरीज कायम नऊ. गॅप ०.०१५ इंच. फीलर गेजची, म्हणजे गॅप मोजायची ठराविक जाडीची, पट्टी किंचित ओढ लागून सरकली पाहिजे, अडकता कामा नये आणि सैलही नको. ती ओढ किती हे मॅन्युअल वाचून कळत नाही हो, आजोबांनी बरोबर सेट केलेला एक व्हॉल्व्ह तिला आधी दहा वेळा सरकवून बघायला लावला. लॉकनट आवळताना स्क्रू थोडा फिरतोच, की गॅप गेली, परत पहिल्यापासून. त्यांनी स्वतः केलं असतं तर पाव तासात आटपलं असतं, ते हात खिशात घालून उभे राहिले, जेवणाची वेळ टळली तरी.

मला हे बघताना कोल्हापूरचं उद्यमनगर आठवत होतं. ॲम्बेसेडरमध्ये १९५९ पासून पुढे कित्येक वर्षं जे १४८९ सीसीचं इंजिन होतं ते याच बीएमसी (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) बी सिरीजमधलं, एमजीबीचं १७९८ सीसीचं इंजिन त्याच खानदानातलं मोठं. तो टकटक आवाज मी लहानपणापासून ओळखतो. आमच्याकडचे मिस्त्री नुसत्या कानाने टॅपेट सांगायचे, पण पोरांच्या हातात पाना द्यायचे नाहीत, पोरं वर्षानुवर्षं बघून बघून शिकायची, कितीतरी जणांचं शिकायचं राहूनच गेलं.

दुपारी एसयू कार्ब्युरेटर, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळणारा भाग. दोन असतात, दोन्ही सारखी हवा ओढतायत का हे रबरी नळीचं एक टोक कानाला लावून ऐकायचं. मग खालची पिन अगदी जराशी वर उचलायची. इंजिनचा वेग वाढून तसाच राहिला तर मिक्स्चर रिच म्हणजे पेट्रोल जास्त, बंद पडायला लागलं तर लीन म्हणजे कमी, क्षणभर वाढून जागेवर आला तर बरोबर. मिक्स्चर सेट करायचा नट सहा कडांचा, एका वेळी एकच कड फिरवायची. तिच्या मागच्या कार्ब्युरेटरला दोन कडा वर घ्यायला लागल्या, मग आयडलिंग असं स्थिर झालं की शेडमधले बाकीचे पण काम सोडून ऐकायला आले.

पुण्यात किंवा कोल्हापुरात ॲम्बेसेडर, फियाटवाले असा दिवस करत असतील तर प्लीज कमेंटमध्ये सांगा. डिसेंबरात येतोय, फीलर गेज आणि टॅपेटचा क्रम लिहिलेला कागद घेऊन येईन.