लाकडी सर्फबोर्डचं फायबरग्लास कापड: औंस नंतर, आधी फिनिश विचारा

लाकडी बोर्ड बांधायला घेतला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: कापड चार औंसाचं घ्यायचं की सहा? त्याच्याआधी विचारायची गोष्ट वेगळीच आहे. या कापडाच्या धाग्यावर कोणतं फिनिश, म्हणजे रासायनिक लेप, आहे, आणि ते इपॉक्सीला (कापड लाकडावर बसवणाऱ्या, सुकून कडक होणाऱ्या रेझिनला) चालतं का?

काचेचा धागा मागावर तुटू नये म्हणून त्याला स्टार्च आणि तेलाची खळ लावतात. विणून झाल्यावर ती भट्टीत जाळून काढतात आणि रेझिनला घट्ट धरणारं सायलेनचं फिनिश चढवतात. हे फिनिश नसलेलं कापडही बाजारात असतं. पाइपांवर गुंडाळायला किंवा ठिणग्या अडवायला ते उत्तम, दिसायला अगदी तसंच आणि बहुधा स्वस्त. पण रेझिन त्याच्या धाग्यांत मुरत नाही. फोमच्या बोर्डावर रंगाखाली बरंच काही झाकलं जातं. इथे लाकडाचे रेषे दिसावेत म्हणून तर सगळा खटाटोप, आणि त्यांच्यावरच पांढुरकी जाळी कायमची बसते. व्होलन हे क्रोमियमचं जुनं फिनिश चालतं, फक्त हिरवट झाक देतं. गडद सीडरवर ती खपून जाते, फिकट पाउलोनिया लाकडावर डोळ्यांत येते.

चॉप्ड स्ट्रँड मॅट, म्हणजे न विणता काचधाग्यांचे तुकडे चिकटवून केलेली चटई, मात्र नकोच. तिचे तुकडे धरून ठेवणारा बाइंडर पॉलिएस्टर रेझिनमधल्या स्टायरीनमध्ये विरघळतो. इपॉक्सीत स्टायरीन नसतं, त्यामुळे मॅट ताठच राहते आणि रेलवर, म्हणजे बोर्डाच्या गोलसर कडेवर, वळत नाही.

आता औंस. हे वजन एका चौरस यार्डाचं असतं. एक औंस म्हणजे चौरस मीटरला सुमारे ३४ ग्रॅम. फोमच्या बोर्डाची ताकद बरीचशी काचेतून येते, लाकडी बोर्डात लाकूडच भार उचलतं. त्यामुळे ६ मिमी पट्ट्यांच्या पोकळ बोर्डाला तळाशी चार औंसाचा एक थर आणि डेकवर, म्हणजे उभं राहायच्या वरच्या बाजूवर, दोन पुरतात. बाल्सासारख्या मऊ लाकडाच्या डेकवर टाचेचे खड्डे पडतात, तिथे दोनपैकी एक थर सहा औंसाचा घ्यावा. एस-ग्लास ही काच नेहमीच्या ई-ग्लासपेक्षा मजबूत आणि महाग. घ्यायचंच तर डेकपुरतं घ्या, तळाला लावणं उधळपट्टी वाटते. सगळीकडे सहा औंस लावण्याआधी हा हिशोब बघा: नऊ फुटी बोर्डाच्या एका बाजूला रेलवरच्या वळणासकट साधारण दीड चौरस मीटर कापड लागतं. सहा औंसात ते ३०० ग्रॅम, आणि हाताने लावताना जवळपास तितकंच रेझिन. म्हणजे थरामागे ६०० ग्रॅम, चार औंसात ४००. पोकळ बोर्ड आधीच जड असतो.

नऊ फुटांच्या, म्हणजे २.७५ मीटरच्या बोर्डाला प्रत्येक थरासाठी ३ मीटर कापा. तीन थरांचे ९ आणि फिन, नाक, शेपटी यांच्या ठिगळांसाठी आणखी एक, असे १० मीटर मागवा, आणि तेही एकाच ताग्यातले. बोर्ड ५७ सेंमी रुंद असेल तर ७६ सेंमी पन्ह्याच्या कापडात दोन्ही बाजूंना साडेनऊ सेंमी उरतात: रेलभोवती वळून पलीकडे तीनेक सेंमी चढेल एवढेच. रेल जाड असेल तर एक मीटर पन्हा बरा. विणीचा जाड काठ कापून टाका, नाहीतर रेलवर दोरीसारखा उंचवटा राहतो.

पुरवठादार बोटबांधणीचा, सर्फबोर्डच्या सामानाचा की औद्योगिक कंपोझिटचा, याने फारसं बिघडत नाही. चौरस मीटरचं वजन, वीण, फिनिश आणि पन्हा या चार गोष्टी त्याला सांगता आल्या पाहिजेत. ‘सगळ्याला चालतं’ हे उत्तर आलं तर दुसरं दुकान बघा. कापड नळीवर गुंडाळून पाठवणार का, हेही विचारा. घडीची चुणी इस्त्रीने जात नाही. तिच्यावर कापड उचललेलं राहतं, खाली हवा अडकते आणि पांढरी रेघ उरते.

अर्धा मीटर नमुना आधी मागवा. ५० बाय ४० सेंमीचा तुकडा स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवा: सहा औंसाचा ४० ग्रॅमच्या आसपास भरतो, चार औंसाचा २५ ते २७. पंचवीस भरला म्हणून भांडू नका, चार औंस म्हणून विकलं जाणारं बरंच कापड मुळात ३.७ औंसाचं असतं. वीस भरला तर मात्र बोला. मग तोच तुकडा बोर्डाच्याच लाकडाच्या रंधलेल्या फळकुटावर पसरा, वापरणार तेच रेझिन ओता आणि स्क्वीजी (रेझिन पसरवायची पट्टी) फिरवा. चांगलं कापड काही मिनिटांत विरघळल्यासारखं नाहीसं होतं. धाग्यांच्या फुल्यांवर पांढरे ठिपके तसेच राहिले, तर ते कापड बोर्डावर चढवू नका.

लाकडाच्या बुडबुड्यांचा दोष मात्र कापडावर ढकलू नये. तापमान चढत असताना लाकडातली हवा फुगून बाहेर पडते आणि ओल्या थरात अडकते. म्हणून आधी चौरस मीटरला १०० ग्रॅमच्या आसपास रेझिनचा पातळ हात देऊन लाकूड बंद करा, कापड तापमान उतरताना, संध्याकाळी लावा, आणि पोकळ बोर्डाचा व्हेंट, म्हणजे हवेचं छिद्र, उघडा ठेवा. हा हात, तीन थर, वीण भरणारा शेवटचा हात आणि वाया जाणारं धरून हार्डनरसकट (रेझिन कडक करणाऱ्या दुसऱ्या घटकासकट) अडीच ते तीन किलो रेझिन लागतं. घासण्याआधी वर आलेला मेणचट थर पाण्याने धुवा. शेवटचा हात कंजूषपणे दिला तर ८० नंबरचा पॉलिश पेपर थेट विणीत शिरतो, आणि कापलेले धागे वर वार्निश मारलं तरी दिसत राहतात. वार्निश यूव्ही रोखणारंच घ्या. उघडं इपॉक्सी उन्हात पिवळं पडतं.