सेशनमध्ये सगळं आलं, जात सोडून

गुरुवार, रात्री

आज लंचनंतर ऑफिसात डायव्हर्सिटी आणि इन्क्लुजनचं सेशन झालं, ट्रेनमध्ये येताना तेच डोक्यात घोळत होतं म्हणून झोपायच्या आधी लिहून काढते. आधी चांगलं लिहिते, कारण ते खरंच चांगलं होतं. ट्रेनर बाई नीट तयारी करून आल्या होत्या, 2017 ला बाळंतपणाची रजा 12 आठवड्यांवरून 26 झाली, 50 माणसं असली की पाळणाघराची सोय करायलाच लागते, समलैंगिक संबंध गुन्हा नाही म्हणणारा 2018 चा कलम 377 चा निकाल, 2016 चा दिव्यांगांचा कायदा, त्यात अपंगत्वाचे प्रकार 7 चे 21 झाले, सगळं सांगितलं. आमच्याकडे एकजण कुबड्या घेऊन येतो, तो उठून बोलला की रॅम्प आहे पण त्याच्या तोंडाशीच बाइक लावतात, आणि ॲडमिनवाल्यांनी तिथल्या तिथे सांगितलं की उद्यापासून तिथे बाइक दिसणार नाही. असं समोरासमोर बोलणं झालं की किती बरं वाटतं.

मग आमच्या टीममधल्या नव्या मुलीने हात वर केला. ती फक्त स्वतःचं आणि वडिलांचं नाव लावते, आडनाव नाही. तिने विचारलं, "मॅम, यात जात कुठे येते?" बाई म्हणाल्या, "मुंबईत, कॉर्पोरेटमध्ये कोणी कास्ट बघत नाही, तो विषय नको उघडूया," आणि पुढची स्लाइड लावली.

मी तिच्या समोरच बसते. ती जॉइन झाल्यापासून "पूर्ण नाव काय गं तुझं", "अगं ते वडिलांचं झालं, आडनाव काय", "मूळ गाव कुठलं", "तुमच्यात लग्नं कशी लावतात" हे सगळं मी माझ्या कानांनी ऐकलंय. विचारणारी माणसं वाईट नाहीत, डब्यातलं अर्धं काढून देतात, पण उत्तर मिळेपर्यंत सोडत नाहीत आणि मिळालं की बोलण्याचा सूर बदलतो, आणि तो बदललेला सूर मला माझ्या पहिल्या नोकरीपासून ओळखता येतो.

आणि हे सगळं कुठे, तर लोअर परळला, गिरणीच्या जागेत उभ्या राहिलेल्या काचेच्या बिल्डिंगमध्ये. माझे आजोबा गिरणीत रिंग खात्यात, म्हणजे सूत कातायच्या कामात होते. आमच्या लोकांना वर्षानुवर्षं साचा खात्यात, म्हणजे विणकामात, घेतच नसत, आणि पगार जास्त तिथेच. कारण काय, तर मागावर सुताची कांडी बदलली की धोट्यातून, म्हणजे आडवा धागा घेऊन मागावर फिरतो त्या लाकडी तुकड्यातून, सुताचं टोक तोंडाने ओढून घ्यायला लागायचं, मग अस्पृश्याचं तोंड लागलेला धोटा बाकीचे कामगार कसा तोंडाला लावणार. 1928 च्या गिरणी संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न युनियनसमोर ठेवला, साचा खातं आमच्या माणसांना मोकळं करा म्हणून आग्रह धरला. कामाच्या जागेवरचं इन्क्लुजन म्हणजे अजून काय असतं? ह्याच गिरणगावात, शंभर वर्षंही झाली नाहीत, आणि त्या रूममध्ये ह्यातलं एक वाक्य कोणी बोललं नाही.

कोणी बघत नाही म्हणतात त्यांना मी थोरात सरांचा अभ्यास वाचायला देणार आहे. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल, 2007 ला छापून आला. पेपरात जाहिराती देणाऱ्या खाजगी कंपन्यांना सारख्याच शिक्षणाचे अर्ज पाठवले, फरक फक्त नावात, उच्चवर्णीय हिंदू, दलित, मुस्लिम. पुढच्या टप्प्याला बोलावणं येण्याची शक्यता उच्चवर्णीय नावाच्या तुलनेत दलित नावाला साधारण दोन तृतीयांश, मुस्लिम नावाला एक तृतीयांश. म्हणजे समोर माणूस बघायच्या आधीच, नुसत्या कागदावर.

अजून एक, हे मला सेशनमध्येच बोलायचं होतं पण वेळ संपली. पॅन्ट्रीच्या दारावर पॉशचं, म्हणजे कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या कायद्याचं पोस्टर आहे, बाईंनी त्याच विषयावरच्या सुप्रीम कोर्टाच्या विशाखा निकालाचं नाव पण घेतलं, 1997. पण तो निकाल आला कुठून? राजस्थानातल्या भटेरी गावच्या भंवरीदेवी, कुंभार समाजाच्या, सरकारी योजनेत साथिन, म्हणजे गावपातळीवरच्या कार्यकर्त्या म्हणून काम करायच्या, गावातल्या वरचढ जातीच्या घरातला बालविवाह थांबवायला गेल्या म्हणून 1992 ला त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. नोकरी केली म्हणून, आणि त्या खालच्या समजल्या जाणाऱ्या जातीच्या होत्या म्हणून करणाऱ्यांना भीती वाटली नाही. बायकांसाठी आज जो कायदा आहे, 2013 चा, 10 माणसांच्या ऑफिसातही कमिटी लागते तो, त्याच्या मुळाशीच जात आहे. आणि निकालापासून कायद्यापर्यंत 16 वर्षं गेली, त्या काळात हा ऑफिसचा विषयच नाही असं म्हणणारे पण भरपूर होते. आज तसं म्हणायची कोणाची हिंमत होत नाही. जातीचं पण असं होऊ शकतं, मला मनापासून वाटतं. अमेरिकेतल्या सिॲटल शहराने 2023 ला जातीवरून भेदभाव करायला बंदी घातली, तिथे होतं मग लोअर परळला का नको.

सेशननंतर ती मुलगी वॉशरूमपाशी भेटली, म्हणाली "ताई, मी विचारायला नको होतं का?" मी म्हटलं विचारलंस ते फार बरं केलंस, आता आपण दोघी मिळून लिहून देऊ. मग तिथेच उभ्या राहून ठरवलं काय काय मागायचं. पहिल्या चाळणीत सीव्हीवरचं नाव झाकायचं. आमच्याकडे बरीच भरती रेफरलने होते, ओळखीतून ओळखीतलीच माणसं येतात, तर त्याला मर्यादा घालायची. भेदभावाच्या पॉलिसीत लिंग, धर्म, अपंगत्व लिहिलंय तिथे जात हा शब्द स्पष्ट टाकायचा आणि तक्रार कोणाकडे करायची त्या माणसाचं नाव पण. तिने अजून एक सुचवलं, 6 डिसेंबरचं. दरवर्षी त्या आठवड्यात ऑफिसच्या ग्रुपवर मेसेज फिरतो की दादरला उतरू नका, गर्दी आहे. त्या गर्दीत माझी आई असते, चैत्यभूमीवर जाऊन शिवाजी पार्कातल्या स्टॉलवरून पुस्तकं घेऊन येते. तर त्या दिवशी मागेल त्याला सुट्टी, कारण न विचारता, आणि त्या दिवशी मोठी मीटिंग नको.

मेल मराठीतून लिहायचा की इंग्लिशमधून यावर आमचं अजून चालू आहे, ती म्हणते इंग्लिश, कारण वरपर्यंत जायला पाहिजे. बरोबर आहे तिचं. ड्राफ्ट ती करतेय, मी आकडे तपासून देणार, सोमवारी एचआरला जाईल, खाली दोघींची सही.