आमची वाटचाल : माळावरचं बेदाणा शेड

तासगाव तालुक्यातली आमची द्राक्षबाग वडिलांनी उभी केली. मार्चमध्ये आवक वाढली की व्यापारी दर पाडून मागतो, आणि पिकलेला घड वेलीवर किती दिवस धरून ठेवणार? वडील मग बेदाणा करायचे, पण दुसऱ्याच्या शेडवर. तिथं लहान शेतकऱ्यांचा माल एकत्रच रॅकवर पडायचा आणि हिशेब सरासरीनं व्हायचा. हे त्यांना कधीच पटलं नाही.

म्हणून आम्ही स्वतःचं शेड मारलं, नागजच्या माळावर. बागायत पट्ट्यापेक्षा इथली हवा कोरडी, वारा मोकळा. तासगावकडची कितीतरी द्राक्षं वाळायला इकडं किंवा पुढं जुनोनीला जातात ती यासाठीच.

पहिल्या हंगामापासून एक नियम ठेवला : एका शेतकऱ्याचा माल दुसऱ्याच्या मालात जाणार नाही. प्रत्येकाचा रॅक वेगळा, त्यावर त्याच्या नावाची चिठ्ठी. साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो, पण गोडी 22 ब्रिक्सच्या (रसातल्या साखरेचं माप) पुढं गेलेला माल जास्त उतारा देतो, 18 वर काढलेला हलका पडतो. ढगाळ हवेची धास्ती सोसून ज्यानं गोडी भरेपर्यंत वाट पाहिली, त्याच्या मेहनतीचे पैसे त्यालाच मिळायला हवेत. शेड चालवण्यात याहून महत्त्वाचं मला दुसरं काही वाटत नाही.

गाडी आली की क्रेट त्याच रात्री उतरतात. लिटरभर पाण्याला 15 मिली डिपिंग ऑइल आणि 25 ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट, त्यात घड बुडवून जाळीवर पसरायचे. मण्यावरचा मेणाचा थर विरळ झाला की पाणी लवकर निघतं. 12 ते 15 दिवसांत माल झाडायला येतो. नुसत्या उन्हात तीन-चार आठवडे जातात आणि रंगही काळपट येतो. अवकाळीचे ढग दिसले की आधी पडदे सोडायचे, जेवण नंतर.

निवडणीला येणाऱ्या बायकांचा पगार आठवडी बाजाराच्या आदल्या संध्याकाळी हातात पडतो. त्यात आजवर खंड पडू दिलेला नाही. डिपिंगचं आणि निवडणीचं सगळं काम सौभाग्यवती बघतात, त्यामुळे मला सौद्यांना, म्हणजे बेदाण्याच्या लिलावांना, जाता येतं.

सौद्यात जाणं गरजेचंच असतं. माल दाखवायला पेटी फोडली की मूठमूठ बेदाणा उधळला जातो आणि ती तूट शेतकऱ्याच्या माथी बसते. वर्षभराच्या कष्टाचा माल असा पायाखाली गेलेला बघवत नाही. आमच्या शेडवरच्या पेट्या फुटतात तेव्हा मी तिथं उभा असतो. सांडलेला बेदाणा गोळा करून मालकाच्या वजनात धरायला लावतो. सुरुवातीला वाद झाले. आता काही व्यापारी स्वतःच घमेलं पुढं करतात.

सांगलीच्या बेदाण्याला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं. आमच्याकडं माल घालणाऱ्यांनी त्याचे अधिकृत वापरकर्ते म्हणून नोंदणी करून घ्यावी, म्हणून यंदा कागदपत्रांचं काम शेडवरच सुरू केलंय. सातबारा आणि आधार कार्ड गाडीसोबतच पाठवा.