आकड्याआधी कागद : पिट्सबर्गमधून, जुन्या बेसबॉल कार्डांच्या पारखीविषयी

पिट्सबर्गच्या पीएनसी पार्क या बेसबॉल मैदानाबाहेर होनस वॅग्नर यांचा पुतळा आहे. १९०० ते १९१७ या काळात ते इथल्या पायरेट्स संघाकडून खेळले आणि १९३६ साली बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये ज्या पहिल्या पाच खेळाडूंची निवड झाली, त्यांत त्यांचे नाव होते. तरीही ज्यांनी बेसबॉलचा एकही सामना पाहिलेला नाही, अशा असंख्य लोकांना त्यांचे नाव ठाऊक आहे ते सिगारेटच्या पाकिटातून निघालेल्या एका लहानशा चित्रामुळे. हे कार्ड आपल्याकडच्या आगपेटीइतकेच रुंद आणि तिच्यापेक्षा थोडे उंच, म्हणजे साधारण साडेछत्तीस मिलिमीटर बाय सदुसष्ट मिलिमीटर आकाराचे आहे. आज त्याच्या सुमारे पन्नास ते साठच प्रती ज्ञात आहेत. आपल्या नावाने तंबाखू विकली जाऊन मुलांना तिची गोडी लागू नये, म्हणून वॅग्नर यांनी छपाई थांबवली असे एक कारण सांगितले जाते. मानधनाचा प्रश्न होता, असे दुसरे. कारण कोणतेही असो, कार्डे थोडी निघाली एवढे निश्चित.

हे कार्ड ज्या मालिकेतले आहे तिला संग्राहक टी-२०६ म्हणतात. अमेरिकन टोबॅको कंपनीने १९०९ ते १९११ या काळात आपल्या निरनिराळ्या सिगारेटच्या पाकिटांत ही कार्डे घातली. पाकिटातल्या पुठ्ठ्यावर खेळाडू छापला की गिऱ्हाईक पुढचे पाकीटही घेते, असा तो सरळ हिशोब होता. मालिकेत पाचशेहून अधिक चित्रे आहेत आणि पाठीवर पिडमाँट, स्वीट कॅपोरल, ओल्ड मिल अशा सिगारेटच्या जाहिराती आहेत. त्यांत ‘हिंदू’ नावाचीही एक सिगारेट आहे आणि ती पाठ तुलनेने दुर्मीळ समजली जाते. टी-२०६ हा क्रमांक मात्र कंपनीचा नव्हे. तो सिराक्यूज येथील जेफरसन बर्डिक यांच्या सूचीतला आहे. संधिवाताने हात आखडत चालले असतानाही या गृहस्थांनी तीन लाखांहून अधिक छापील चिठोऱ्या, कार्डे आणि जाहिराती जमवून न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमला दिल्या. १९६३ साली ते वारले. त्यांची मांडणी आजही या छंदाची वर्णमाला आहे.

इथे राहायला आल्यानंतर मी या कार्डांकडे वळले ती खेळामुळे नव्हे, तर छपाईमुळे. माझे बालपण सांगलीत आमच्या छापखान्याच्या आवारात गेले, त्यामुळे छापलेला कागद हातात आला की तो उजेडाकडे धरून पाहण्याची सवय मला फार पूर्वीपासून आहे. या शहराच्या आसपास सभागृहांत आणि हॉटेलांत शनिवार-रविवारी कार्डांची प्रदर्शने भरतात, तिथे टेबलामागे बसलेले जुने व्यापारी अगदी हेच करत असतात. त्यांच्याकडून शिकलेली पहिली गोष्ट अशी की कार्डाच्या अवस्थेला श्रेणी देणाऱ्या संस्थेकडून किती गुण मिळाले हा प्रश्न तिसरा आहे. कार्ड त्या काळचे आहे का, हा पहिला. ते छापखान्यातून निघाले तसेच आहे की नंतर कोणी त्यावर हात चालवला आहे, हा दुसरा. या दोहोंची उत्तरे मिळाल्याशिवाय तिसऱ्याला काही अर्थ उरत नाही, आणि बाजारातली बहुतेक फसवणूक माणसे थेट तिसऱ्या प्रश्नावर उडी मारतात म्हणूनच यशस्वी होते.

पहिल्या प्रश्नासाठी दहापट मोठे दाखवणारे भिंग पुरते. टी-२०६ ची छपाई शिळाछापाच्या पद्धतीने, एकेक रंग स्वतंत्रपणे चढवून झालेली आहे. चित्राखाली तपकिरी अक्षरांत खेळाडूचे आडनाव आणि संघ असतो. अस्सल कार्डावर ही अक्षरे एकाच शाईत, सलग भरलेली दिसतात. तिथे वेगवेगळ्या रंगांच्या ठिपक्यांचा मागमूस नसतो. नकली कार्ड बहुधा अस्सल कार्डाचा फोटो किंवा स्कॅन घेऊन छापलेले असते आणि यंत्राला अक्षर व चित्र यांतला फरक कळत नसल्यामुळे ते अक्षरांचेही चार रंगांच्या ठिपक्यांत तुकडे करते. हीच कसोटी आपल्याकडे रविवर्मा प्रेसच्या जुन्या देवादिकांच्या चित्रांनाही लागू पडते. १८९४ साली मुंबईत सुरू झालेला आणि पुढे मळवलीला गेलेला तो छापखानाही शिळेवरूनच रंग चढवत असे. ज्यांच्या घरी आजोबांच्या काळातली लक्ष्मी किंवा सरस्वती फ्रेममध्ये असेल त्यांनी एकदा भिंग लावून पाहावे. फुलीसारख्या ओळींत बसवलेले, एकसारख्या अंतराचे ठिपके दिसले तर ती नंतरची प्रत आहे.

मग कागद. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या कागदात तो अधिक पांढरा दिसावा म्हणून घालायची रसायने नव्हती, त्यामुळे अंधाऱ्या खोलीत अतिनील दिव्याखाली जुने कार्ड मंद राहते आणि आधुनिक कागद निळसर पांढरा चमकतो. चमकले तर बाद, हे पक्के. चमकले नाही म्हणून अस्सल, असे मात्र म्हणता येत नाही, कारण जुन्या पुस्तकांची कोरी पाने वापरणारे लोकही आहेत. चहाच्या पाण्याने कागद पिवळा करण्याची युक्ती तर जुनीच. अशा कार्डाचा रंग सगळीकडे सारखा असतो आणि चारही कोपरे एकाच मापाने झिजलेले असतात. खरी झीज तशी नसते. खिशात, डब्यात आणि मुलांच्या हातात गेलेले कार्ड एका कोपऱ्यात जास्त दबलेले, दुसऱ्यात जेमतेम मऊ झालेले असते आणि त्या कोपऱ्यात पुठ्ठ्याचे थर किंचित सुटलेले दिसतात.

पाठ वाचणे हेही तितकेच महत्त्वाचे आहे, आणि नवखी माणसे ते हमखास विसरतात. प्रत्येक खेळाडू प्रत्येक जाहिरातीबरोबर छापला गेला नव्हता. वॅग्नर यांचे कार्ड पिडमाँट आणि स्वीट कॅपोरल या दोनच पाठींवर आढळते. तिसरी कोणतीही पाठ दिसली की भिंग काढण्याचीही गरज नाही. आकाराचेही तसेच. १९५२ सालचे टॉप्स कंपनीचे कार्ड सुमारे सदुसष्ट बाय पंचाण्णव मिलिमीटरचे आहे, तर त्याच कंपनीने १९८३ साली त्या मालिकेचे जे पुनर्मुद्रण केले ते आजच्या प्रचलित, म्हणजे त्याहून लहान मापात आहे. मोजपट्टी लावली तरी हा घोटाळा सुटतो.

दुसरा प्रश्न कितीतरी अवघड आहे, कारण इथे कार्ड अस्सलच असते. झिजलेली कड धारदार पात्याने अर्धा मिलिमीटर छाटली की कोपरे पुन्हा टोकदार दिसतात. याला ट्रिमिंग म्हणतात. फिकट झालेल्या जागी कुंचल्याने शाई भरणे, तुटलेला कोपरा कागदाच्या लगद्याने बांधणे, घडीची रेघ ओलसर करून दाबणे, डाग उडवण्यासाठी रसायन वापरणे, असे इतर प्रकारही आहेत. छाटणी ओळखण्यासाठी मोजमाप पुरेसे नाही, कारण शंभर वर्षांपूर्वी कापणीत मुळातच फरक पडत असे आणि ‘अमेरिकन ब्यूटी’ पाठीची टी-२०६ कार्डे तर बाकीच्यांपेक्षा मुळातच अरुंद आहेत. म्हणून कड पाहावी लागते. छापखान्यात गठ्ठ्यावर यंत्राचे पाते पडते तेव्हा कडेला सूक्ष्म तंतू राहतात, आणि पुढे शंभर वर्षांत ती कड हवेने आणि हातांनी मळते. नव्याने कापलेली कड आतल्या पुठ्ठ्याच्या रंगाची, उजळ राहते. कधी ती किंचित लहरते, कधी टोकाशी हलकासा बाक घेते. तीन कडा मळलेल्या आणि चौथी स्वच्छ असेल, तर ती चौथी कड आपले म्हणणे स्पष्ट मांडत असते.

पाण्याचा प्रश्न मात्र वेगळा धरला जातो. त्या काळी मुलांनी कार्डे वह्यांत खळीने चिकटवली, आणि ती साध्या पाण्यात भिजवून सोडवणे बहुसंख्य संग्राहक गैर मानत नाहीत, कारण त्यात कार्डात काही भर पडत नाही आणि त्यातून काही काढलेही जात नाही. मला ही भूमिका पटते. रसायन आले की ती रेषा ओलांडली जाते.

या दुसऱ्या प्रश्नाचे सर्वांत मोठे उदाहरण पुन्हा वॅग्नर यांचेच आहे. १९९१ साली आइस हॉकीपटू वेन ग्रेट्झ्की आणि त्यांच्या संघाचे मालक ब्रूस मॅक्नॉल यांनी सदबीजच्या लिलावात या कार्डाची एक अतिशय देखणी प्रत ४,५१,००० डॉलरना घेतली. त्याच वर्षी सुरू झालेल्या पीएसए या श्रेणी देणाऱ्या संस्थेने पहिले कार्ड तपासले ते हेच, आणि त्याला दहापैकी आठ गुण दिले. २००७ साली ते २८ लाख डॉलरना विकले गेले. इतक्या टोकदार कोपऱ्यांचे सिगारेट कार्ड उरलेच कसे, अशी कुजबुज अनेक वर्षे होती. बिल मास्ट्रो हे त्या क्षेत्रातले बडे लिलावदार. हे कार्ड पूर्वी त्यांच्याच हातून गेले होते. २०१३ साली शिकागोच्या फेडरल न्यायालयात टपाल फसवणुकीचा गुन्हा मान्य करताना आपण त्या कार्डाच्या कडा छाटल्याचे त्यांनी कबूल केले, आणि पुढे त्यांना तुरुंगवास झाला. मला या प्रकरणाचे महत्त्व वाटते ते असे की कार्ड खोटे नव्हते. कागद, शाई, पाठ सगळे १९०९ च्या सुमाराचे होते. खोटी होती ती फक्त त्याची अवस्था, आणि आठ हा आकडा त्या अवस्थेलाच दिलेला होता.

आता तो आकडा. पीएसए, एसजीसी आणि बेकेट ही गुण देणाऱ्या प्रमुख संस्थांपैकी काही नावे. त्या कार्ड तपासून पारदर्शक कडक प्लास्टिकमध्ये बंद करतात, त्याला स्लॅब म्हणतात. गुण एक ते दहा. ज्याच्यात फेरफार आढळला, त्याला बहुधा आकडा न देता केवळ अस्सल असल्याचा शेरा मिळतो किंवा ते परत येते. पाहिल्या जाणाऱ्या गोष्टी चार आहेत: चित्र मध्यावर आहे का, कोपरे, कडा आणि पृष्ठभाग. मध्याचे गणित सोपे आहे. डावीकडची पांढरी पट्टी तीन मिलिमीटर आणि उजवीकडची दोन असेल तर ते साठ-चाळीस झाले. पृष्ठभाग सर्वांत फसवा असतो. समोरून निर्दोष दिसणारे कार्ड दिव्याखाली तिरपे धरले की केसाएवढी सुरकुती उठून दिसते, आणि त्या एका सुरकुतीने सातचे चार होऊ शकतात. वहीतून ओढून काढताना पाठीचा कागद निघाला असेल तर पुढचे चित्र कितीही तेजस्वी असो, गुण तळाला जातात. म्हणूनच एकाच आकड्याची दोन कार्डे शेजारी ठेवली तर डोळ्यांना ती सारखी वाटत नाहीत, आणि जाणकार कोणते कार्ड घ्यायचे ते आकड्यावरून नव्हे, समोर पाहून ठरवतात.

किमतीची दरी मात्र आकड्यांमध्येच आहे. १९५२ सालच्या टॉप्स मालिकेतील मिकी मँटल यांचे ३११ क्रमांकाचे कार्ड हे त्याचे ठळक उदाहरण होय. मालिकेचा शेवटचा भाग हंगामाच्या अखेरीस बाजारात आला, खोकी पडून राहिली आणि १९६० साली ती नावेतून नेऊन अटलांटिक महासागरात टाकली, असे टॉप्सचे सय बर्गर स्वतः सांगत. ऑगस्ट २०२२ मध्ये या कार्डाची साडेनऊ गुणांची एक प्रत १ कोटी २६ लाख डॉलरना गेली. हेच कार्ड झिजलेल्या अवस्थेत त्याच्या अगदी लहानशा अंशात मिळते. वरच्या टोकाला अर्ध्या गुणाचे मोल एवढे झाले की पाते हातात घेणाऱ्यांची संख्या वाढणारच, आणि स्लॅबही बनावट होऊ लागणारच. बनावट स्लॅबवर बहुधा खऱ्याच कार्डाचा प्रमाणपत्र क्रमांक छापलेला असतो, त्यामुळे संस्थेच्या नोंदीत क्रमांक सापडला एवढ्याने भागत नाही. नोंदीतला फोटो असेल तर त्यातला एखादा ठिपका, एखादी मळकट कड हातातल्या कार्डाशी जुळते का, हे पाहावे लागते.

मी स्वतः घेते ती दोन-तीन गुणांची कार्डे. त्यांचे कोपरे गोल झालेले असतात, मधून घडी गेलेली असते, आणि अशा कार्डावर पाते चालवण्यात कोणाचा फायदा नसतो, म्हणून ती बहुतेक प्रामाणिक राहिली आहेत. ज्या मराठी घरांतली मुले इथे शाळेत कार्डांच्या नादाला लागली आहेत त्यांच्या आईवडिलांना मी हेच सांगते: शंभर वर्षांपूर्वीच्या एखाद्या सामान्य खेळाडूचे झिजलेले टी-२०६ अजूनही साध्या कुटुंबाच्या आवाक्यात आहे, आणि त्याच्यावर मूल भिंग चालवायला शिकते. माल परत घेण्याची लेखी तयारी नसलेल्या विक्रेत्याकडून सुटे, म्हणजे स्लॅबमध्ये नसलेले कार्ड घेऊ नये. आणि पाठीवर कोणा मुलाने पेन्सिलीने आपले नाव लिहिलेले असेल तर ते खोडू नये. खूण असल्याचा शेरा सुसह्य असतो, पण खोडरबराने घासलेला पृष्ठभाग तिरप्या उजेडात कायमचा वेगळा दिसतो आणि तो फेरफारातच मोजला जाण्याचा धोका राहतो.