मुलांना कुठे काय कळतं?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. बालवाडीत शिकवते म्हटलं की कुणी ना कुणी विचारतंच, "तीन-चार वर्षांची पोरं ती. भेदभाव त्यांना कुठे कळतो? तुम्हीच कशाला ते त्यांच्या डोक्यात भरवता?" एरवी मी हसून वेळ मारून नेते.

फरक त्यांना दिसतो, आणि फार लवकर दिसतो. नवजात बाळाला सगळ्या वंशांचे चेहरे सारखेच. तीन महिन्यांचं झालं की ते सतत डोळ्यांपुढे असणाऱ्या वंशाच्या चेहऱ्यांकडे जास्त वेळ बघत राहतं. ही नुसती सवय. त्यात वाईट काही नाही. चांगलं-वाईट मात्र पोरं आपल्याकडून उचलतात. १९४० च्या सुमाराला अमेरिकेत केनेथ आणि मेमी क्लार्क या मानसशास्त्रज्ञ जोडप्याने तीन ते सात वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलांपुढे बाहुल्या ठेवल्या. वर्ण सोडला तर सगळ्या सारख्याच. छान कुठली? बहुतेकांनी गोरी दाखवली. मग शेवटी विचारलं, तुझ्यासारखी कुठली? तेव्हा काही मुलं रडत उठून गेली.

आता माझंच सांगते. मी नवी असताना वर्गात कानाला यंत्र लावलेली एक मुलगी आली. पहिल्याच दिवशी एकाने मोठ्याने विचारलं, "ताई, हिच्या कानात काय आहे?" मी ओठांवर बोट ठेवलं. "श्श! असं विचारू नये." तिला वाईट वाटू नये म्हणून हो. पण त्या एका 'श्श'ने अख्ख्या वर्गाला कळलं की तिच्या कानात काहीतरी लाजिरवाणं आहे. तिलाही कळलं. दिवसभर ती कानावर हात ठेवून बसली.

दुसऱ्या दिवशी तिच्या आईने यंत्र सगळ्यांना दाखवलं. माझ्याही ज्ञानात भर पडली: यंत्र आवाज वाढवतं, पण माझ्या बोलण्याबरोबर खुर्च्या सरकवल्याचा आवाजही वाढवतं. म्हणजे फळ्याकडे तोंड करून बोलणं बंद.

तरी संगीत खुर्चीच्या वेळी ती बाजूला बसून टाळ्या वाजवायची. गाणं थांबलेलं तिला गोंगाटात कळायचंच नाही. आणि मी? वर्गात घेतलं म्हणजे सामावून घेतलं, अशा समजुतीत. मग गाण्याबरोबर रुमाल फिरवायला लागले. रुमाल खाली आला की बसायचं. ती तर खेळायला लागलीच, शिवाय गाण्याच्या तंद्रीत दरवेळी पहिलाच बाद होणारा एक धांदरटही टिकायला लागला.

तुमच्या प्रश्नाला आणखी एक उत्तर रंगांच्या पेटीत आहे. फिकट गुलाबी खडू मागताना पोरं म्हणतात, "स्किन कलर दे." क्रेयोला या खडूवाल्या कंपनीने आपल्या 'फ्लेश' म्हणजे 'अंगाच्या रंगाच्या' खडूचं नाव बदलून 'पीच' केलं ते १९६२ साली. पेटीवरून गेलेलं नाव तोंडातून काही जात नाही. ते या पोरांच्या डोक्यात मी भरवलं का?

एकदा सगळ्यांना तपकिरी, पिवळा, पांढरा असे खडू दिले आणि एकावर एक घासून आपापल्या हाताशी रंग जुळवायला सांगितलं. दोन कागद फाटले, एकाने हातच रंगवला. एक पोरगा बराच वेळ हात उलटसुलट करत बसला होता. शेवटी कागद घेऊन माझ्याकडे आला.

"ताई, वरून वेगळा आहे आणि आतून वेगळा आहे. कुठला लावू?"