मोडेना, कियांती आणि आमची २३ किलोंची बॅग

इटलीत, फ्लॉरेन्सला पहिल्याच संध्याकाळी आम्ही गंडलो. दुओमोजवळच्या (तिथलं मोठं चर्च) एका चकचकीत दुकानातून बाल्सामिक व्हिनेगरची नक्षीदार बाटली घेतली, १८ युरोंना. पुढे ठसठशीत आकडा छापलेला, तो आम्ही वर्षांचा धरला. हॉटेलवर येऊन मागची बारीक अक्षरं फोनवर वाचली: वाइन व्हिनेगर, द्राक्षांचा आटवलेला रस, कॅरॅमलचा रंग. वर्षांचं नावच नाही.

म्हणून या व्हिनेगरच्या गावी, मोडेनाला जायचंच ठरवलं. बोलोन्याहून साध्या गाडीने अर्धा तास. तिथल्या व्हिनेगरच्या कोठारांना आचेताइया म्हणतात आणि बऱ्याचशा घराच्या माळ्यावर असतात. आधी ईमेल करून वेळ घ्या, आयत्या वेळी दार वाजवून उपयोग नाही. जिना चढतानाच वास आला, काकवी आणि मुरलेलं लिंबाचं लोणचं एकत्र केल्यासारखा. ओक, चेस्टनट, चेरी, तुती अशा वेगवेगळ्या लाकडांची, लहान लहान होत जाणारी पिंपं एका रांगेत मांडलेली. तोंडावर नुसतं फडकं. गुऱ्हाळात उसाचा रस आटवतात तसा इथे द्राक्षांचा आटवतात आणि या पिंपांत मुरू देतात. माळ्यावरचा कडक उन्हाळा रस आणखी दाट करतो. दरवर्षी सगळ्यात लहान पिंपातून थोडं काढायचं, ते शेजारच्या मोठ्यातून भरायचं, आणि असंच शेवटच्या पिंपापर्यंत. किमान १२ वर्षं. ‘एक्स्त्राव्हेक्किओ’ लिहिलं असेल तर २५.

लेबलवर ‘त्रादित्सिओनाले’ (पारंपरिक) आणि ‘डीओपी’ (ठरलेल्या भागात, ठरलेल्या पद्धतीनेच बनवल्याचा युरोपीय शिक्का) हे दोन्ही शब्द हवेत. मोडेनाची ही बाटली ओळखायला सोपी: १०० मिलीची, चौकोनी तळावर गोल पोट, मोटारींची डिझाइन करणाऱ्या जॉर्जेत्तो जुजारोने घडवलेली. सगळ्या उत्पादकांना तीच वापरावी लागते. आम्ही १२ वर्षांची घेतली, ५० युरोंच्या आसपास. हृदयावर दगड ठेवून, खरं सांगते. पण १०० मिली असल्यामुळे ती पारदर्शक पिशवीतून केबिनमध्ये नेता येते, हा फायदा. ही शिजवायची नाही. पार्मेजान चीजच्या तुकड्यावर किंवा व्हॅनिला आइस्क्रीमवर चार थेंब.

रोजच्या सॅलडला ‘आयजीपी’वालं (हा त्याहून सैल नियमांचा शिक्का) स्वस्त व्हिनेगर पुरतं. घटकांत द्राक्षाचा रस आधी असेल तर ते गोडसर आणि दाट, वाइन व्हिनेगर आधी असेल तर पातळ आणि आंबट. कॅरॅमल नसलेलं बघा, एवढंच.

ऑलिव्ह तेलाची वेळ आमची आपसूक साधली, कारण नोव्हेंबर होता. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तोडणी होते आणि ‘फ्रांतोयो’, म्हणजे तिथला तेलाचा घाणा, धडधडत असतो. भाजलेल्या पावावर हिरवंगार ताजं तेल ओतून दिलं आणि नवऱ्याला असा ठसका लागला की घाणेवाल्या बाई खूश झाल्या. टस्कनीचं, म्हणजे फ्लॉरेन्सच्या प्रांताचं, चांगलं तेल घशाला झोंबतंच, ते खराब नसतं. रंगावर मात्र जाऊ नका. तोडणीचं वर्ष आणि ‘१०० टक्के इतालियानो’ शोधा. ‘मिशेला’ म्हणजे मिश्रण, बहुधा अनेक देशांच्या तेलांचं. काचेपेक्षा पत्र्याचा डबा घ्या, आणि वर्षाच्या आत संपवा. वाइनसारखं तेल ठेवून सुधारत नाही.

वाइनचं थोडक्यात. नुसतं कियांती आणि कियांती क्लासिको या दोन वेगळ्या गोष्टी. क्लासिकोच्या बाटलीवर काळा कोंबडा असतो आणि त्यात किमान ८० टक्के सांजोव्हेजे द्राक्षं. फ्लॉरेन्सहून कियांती भागातल्या ग्रेव्हे गावाला बसने तासाभरात पोचतो, त्यामुळे चव घेऊन गाडी चालवायचा प्रश्न येत नाही. भारतात दोन लिटरपर्यंत दारू करमुक्त आणता येते, म्हणजे ७५० मिलीच्या दोनच बाटल्या एका माणसाच्या नावावर. तिसरी घेतलीत की सव्वादोन लिटर.

बाटल्या मोज्यांत घालून, मग जाड स्वेटरमध्ये गुंडाळून बॅगेच्या मधोमध ठेवल्या. तेलाच्या डब्याच्या झाकणावर चिकटपट्टी मारली, वरून दोन पिशव्या. बॅग २२.६ भरली. ती १८ युरोंची बाटली मात्र मुंबईला सुखरूप आली, आणि सासूबाई ती काकडीच्या कोशिंबिरीत बिनधास्त ओततात.